‘नकुसा’ : एका नावाचे परीक्षण

मुलगा दांडगट आणि मुलगी सोशिक हा निसर्गाचाच नियम, असे आपण सहज बोलून जातो. निसर्गाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. मुली साधारणतः वर्ष-दोन वर्षे आधी वयात येतात. पुष्कळ मुली मुलग्यांपेक्षा थोड्या लवकर बोलू लागतात, तर मुलगे धसमुसळ्या खेळात अधिक रमतात. परंतु सोशिकपणा या भेदांतून उपजत नाही. तो शिकवावा लागतो. सातारा-सांगलीकडच्या काही घरांनी त्याचा पहिला धडा एकाच शब्दात लिहून ठेवला : ‘नकुसा’, म्हणजे नकोशी.

पुढचा तरी मुलगा व्हावा, या समजुतीने हे नाव ठेवीत. हाक मुलीला, नवस मुलाचा! शाळेच्या हजेरीत रोज हे नाव ऐकणारी मुलगी बुजरी झाली, तर तिला ‘जात्याच लाजाळू’ म्हणणे हा निसर्गावर आळ घेणे होय. तिच्या पाठचा भाऊही तिला हाक मारतानाच शिकतो, की आपण काही न करताही हवेसे आहोत. पुढे त्याचा हेकटपणा पाहून आपण ‘मुलगाच तो’ म्हणत हसतो.

22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. उपक्रम स्तुत्यच, तथापि त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. मुलींची नावे पालटली. ती ठेवणाऱ्यांच्या मनाचा पालट कोणत्या दाखल्यावर नोंदवणार? 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात 878, तर सांगलीत 851 मुली होत्या. ज्या जन्मल्याच नाहीत, त्यांचे नामकरण कोण करणार?

ख्रिस्ती कुटुंबांनीही निश्चिंत राहू नये. ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव बालकाला देऊ नये, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 855 वे कलम सांगते. स्नानसंस्कारात मुलाला आणि मुलीला पाणी तेच, तेल तेच. घरी आल्यावर मात्र मोठा तुकडा कोणाच्या ताटात पडतो? जेवणानंतर भांडी कोणाच्या वाट्याला येतात?

शुभवर्तमानात बारा वर्षांची दोन मुले भेटतात : मंदिरात गुरुजनांना प्रश्न विचारणारा येशू आणि याईराची मुलगी. सभास्थानाचा अधिकारी असूनही याईर लेकीसाठी चारचौघांत प्रभूच्या पाया पडतो. ती उठताच प्रभू तिला खायला द्यायला सांगतो. प्रश्न विचारण्याची मोकळीक आणि पोटभर घास ही दोन्ही आपल्या घरातील मुलाला व मुलीला सारखीच लाभू द्यावीत. त्यानंतर त्यांच्यात जो भेद उरेल, तो निसर्गाचा म्हणून आनंदाने स्वीकारावा.