दृश्य आणि दिनक्रम

नोकरी-धंदा सांभाळून सुटीच्या दिवशी घाटात, धबधब्यावर किंवा समुद्रकिनारी जावे आणि तेथून आणलेली छायाचित्रे आप्तेष्टांना दाखवावीत, हा मराठी मध्यमवर्गाचा आता नित्याचा व्यवहार झाला आहे. गोव्यात पूर्वी येऊन स्थिरावलेली आणि गोव्यातून बाहेर जाऊन स्थिरावलेली, अशा दोन्ही प्रकारच्या जुन्या मराठी घराण्यांत या चित्रांना एके काळी पत्राला असलेले मोल आले आहे. आपण कोठे गेलो, काय पाहिले, हे आता चित्रच सांगते. मात्र कवितेची वा कथेची आपण जशी चिकित्सा करतो, तशी या चित्रांची करीत नाही. ‘सुंदर’ एवढा एक शब्द उच्चारून आपण पुढच्या चित्राकडे वळतो. ही चित्रे संख्येने अफाट आहेत आणि उद्या गावाची स्मृती म्हणून हीच मागे उरणार आहेत. म्हणून त्यांच्याकडे थोडे कठोरपणे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव उदाहरणादाखल घेऊ. कदंबांचे आराध्यदैवत असलेला श्री सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज काळात तेथील देवालय उद्ध्वस्त झाले आणि लिंग नदीपलीकडे नार्वे येथे आणले गेले. 1668 साली शिवाजी महाराजांनी येथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, आणि शासनाने केलेल्या नूतनीकरणानंतर 2023 साली ते पुन्हा खुले झाले. तेव्हापासून येथे येणाऱ्यांच्या संग्रहांत एक ठरावीक मालिका आढळते. देवालयाचा घुमट, दीपस्तंभ, माडांची रांग, सायंकाळची मांडवी आणि दिवाडीला जाणारी फेरीबोट. चित्रे बहुधा नेटकी असतात. प्रकाशाची जाण असते, चौकटीचा तोल साधलेला असतो. पण फेरीबोट दिसते आणि ती चालविणारा दिसत नाही. हिरवेगार खाजन दिसते. त्याचे बांध चिखलाने लिंपणारे आणि भरती-ओहोटीचा हिशेब ठेवून मानशीची दारे सांभाळणारे हात दिसत नाहीत. गोकुळाष्टमीला पंचगंगेच्या स्नानासाठी लोटलेली गर्दी चित्रात येते, परंतु त्या गर्दीसाठी आदल्या रात्रीपासून राबणारा गाव येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आठवडाभर कामाच्या रगाड्यात पिचलेल्या माणसाला कामाचे दर्शन नकोच असते, त्याला विसावा हवा असतो. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. विसाव्यासाठी काढलेल्या चित्राला विसाव्याचा अधिकार आहेच. अडचण पुढे येते. ज्याला आपण निसर्ग समजून टिपतो, तो पुष्कळदा कोणाच्या तरी श्रमाचा, किंवा थांबलेल्या श्रमाचा, परिणाम असतो. खाण प्रदेशातील खनिज मांडवीतून बार्जेसनी मुरगावकडे जात असे. 2012 साली गोव्यातील खाणकाम थांबले आणि नदीवरील ही रहदारी ओसरली. त्यानंतर टिपलेल्या निवांत मांडवीच्या चित्रांखाली ‘निसर्गाची शांतता’ असे लिहिणे सोपे आहे. पण त्या शांततेत बार्जवरच्या खलाशाची आणि ट्रकवाल्याची बुडालेली रोजी होती. तशीच खाणीची लाल माती शेतात उतरल्याने पोळलेल्या शेतकऱ्याचा सुटकेचा निःश्वासही होता. यांतले काहीही ठाऊक नसलेले चित्र खोटे ठरत नाही. ते उथळ मात्र ठरते.

छंद आणि व्यवसाय यांची ही सांगड आपल्याकडे नवी नाही. शेजारच्या पेडणे तालुक्यातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे मूळ गाव. भाऊ दाजी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या 1851 सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तेथेच शिकले. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. दोघेही बंधू तिच्याशी निगडित होते आणि नारायण दाजी तर तिच्या कार्यकारी मंडळावरही होते. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरल्या वेळात कॅमेरा हाती घ्यायचा, अशी ही दोन माणसे. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यावा, तो ओला असतानाच चित्र घ्यावे आणि लगेच अंधाऱ्या खोलीत ते धुवावे, अशी खटपट असे. इतक्या सायासाने काढलेले चित्र सहजासहजी कोणी वाया घालवीत नसे. नारायण दाजींनी कॅमेरा वळविला तो मुख्यतः माणसांकडे व त्यांच्या व्यवसायांकडे. रोग्याचे निरीक्षण करणारी नजरच येथेही काम करीत होती, असे मानण्यास जागा आहे.

याच सोसायटीच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 1856 च्या अखेरीपासून ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक प्रकाशन चालविले. हौशी लोकांची चित्रे मजकुरासह वर्गणीदारांच्या घरी पोचविणे ही त्यामागील कल्पना. छायाचित्रे परस्परांना दाखविण्याच्या आजच्या हौसेचे हे पूर्वरूपच होय. पण याच जॉन्सनने पुढे 1863 आणि 1866 साली मुंबईतील जातिजमातींविषयी जे दोन खंड काढले, त्यांत त्याने एक युक्ती केली. माणसांची चित्रे एकीकडे घेतली, स्थळांची दुसरीकडे, आणि छापताना दोन्ही एकत्र जोडली. परिणामी माणूस ज्या भूमीवर उभा दिसतो, तेथे तो उभा नव्हताच. शिवाय सोबतचा मजकूर त्याला एका जातीचा नमुना म्हणून पेश करतो. त्याचे नाव सांगत नाही. म्हणजे माणूस चौकटीत आला, खाली मजकूर आला, एवढ्याने काम भागत नाही. माणसाचे आपल्या जागेशी आणि कामाशी असलेले नाते चित्रात टिकले पाहिजे. जॉन्सनने माणूस त्याच्या स्थळापासून तोडला. आपण आज स्थळ त्याच्या माणसांपासून तोडतो. दोन्हींकडे उणीव एकच आहे.

हे नाते कसे टिकवावे याचा वस्तुपाठ छायाचित्रणाबाहेर, मराठी गद्यात सापडतो. मारुती चितमपल्ली (निधन 2025) यांनी वनखात्याची नोकरी करता करता अरण्याविषयी लिहिले. त्यांचे रान हे सुटीचे स्थळ नव्हते, कामाची जागा होती. पक्ष्याचे नाव त्यांनी रानात व पाण्यावर राबणाऱ्यांच्या तोंडून ऐकले आणि नोंदले. म्हणून ‘पक्षिकोशा’त पाखरांबरोबर त्यांना ओळखणारी माणसेही वावरतात. छायाचित्रकाराला एवढा संग लाभेलच असे नाही. परंतु ज्याचे शेत आपण टिपले त्याच्याशी दोन शब्द बोलणे, बांधाला व बोटीला गावात काय म्हणतात हे विचारून घेणे, एवढे तर सुटीच्या एका दिवसातही साधते.

म्हणून आमची अपेक्षा माफक आहे. सूर्यास्त खुशाल टिपावा. त्याखाली गाव, साल आणि महिना लिहावा. फेरीबोटीच्या दहा चित्रांपैकी एक तरी ती चालविणाऱ्याचे, त्याच्या संमतीने व नावानिशी असावे. आणि ज्या कामावरून सुटी काढून आपण आलो, त्या आपल्या कचेरीचे, दुकानाचे, वर्गाचेही एखादे चित्र संग्रहात राहू द्यावे. नातवंडांना आजोबांनी पाहिलेले धबधबे अन्य कोठेही पाहावयास मिळतील. आजोबांचे टेबल मिळणार नाही.

या घराण्यांच्या कपाटांतून अद्याप जुने आल्बम आहेत. त्यांत देवळापुढे उभे राहून घेतलेली समूहचित्रे असतात. कडेला समई धरलेला, पालखीला खांदा दिलेला, किंवा होडीचे वल्हे हाती असलेला कोणी उभा असतो. यजमानांची नावे चित्रामागे लिहिलेली असतात, त्याचे नसते. ते सांगू शकणारी वडीलधारी मंडळी काही घरांत अजून आहेत. त्यांना विचारून ती नावे पेन्सिलीने मागे लिहून ठेवावीत.