लाकूड, किंमत आणि घोडी

उंची गिटारीची वाखाणणी ऐकली तर तिचे सगळे मर्म लाकडात दडलेले असावे असे वाटते. पाठीला ब्राझीलचे शिसव हवे, तेही जुने. १९९२ पासून या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, त्यामुळे त्याचे मोल आणखीच चढले. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने मात्र १९६९ च्या सुमारासच आपल्याकडचे भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली होती.

हा समज कितपत टिकतो? इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी, घडण एकसारखी, फक्त पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे. ५२ वादकांनी त्या मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे लावून वाजवल्या. स्वस्त व महाग लाकडाच्या गिटारींना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले.

यावरून ‘लाकूड निरर्थक’ असे म्हणणे ही उलट बाजूची घाई झाली. सहाही गिटारींची पुढची पाटी एकाच जातीच्या लाकडाची होती, आणि हवा मुख्यतः तीच हलवते. तिचा ताठपणा, वजन, आतल्या पट्ट्यांची मांडणी यांवर आवाज अवलंबून असतो. इलेक्ट्रिक गिटारीचे गणित निराळे. तिथे लोखंडी तार चुंबकासमोर थरथरते, वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि हे वेटोळे तारेखाली कुठे बसवले यावर बराच फरक पडतो.

आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्याबद्दलही (त्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) लोक भोपळ्याचे आणि तबलीचे कौतुक करतात. खरी करामत घोडीवर आहे. तिचा माथा किंचित उतरता असतो. कारागीर तो कानसेने घासून, कान लावून, पुन्हा घासून जमवतो, हीच जवारी. कंपणारी तार या उतारावर टेकते आणि सुटते. त्याने वरचे स्वर जागे होतात.

पाठ्यपुस्तकांतील तारेचा धडा इथे तोकडा पडतो. लांबी, ताण आणि दर लांबीमागे वस्तुमान यांवरून स्वराची उंची कळते, पण त्याच उंचीचा स्वर गिटारीवर आणि तंबोऱ्यावर वेगळा का वाटतो, याचा त्यात पत्ता नाही. नियमाप्रमाणे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम स्वरक उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. ही गोष्ट चं. वें. रामन यांनी १९२१ मध्येच नोंदवली होती.

झरीसारख्या परभणीकडच्या गावात गिटार नसेल, पण भजनी मंडळात तंबोरा किंवा एकतारी मिळेल. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवा. तार मध्यावर छेडा. दोरा किंचित पुढेमागे करून पुन्हा छेडा, आणि स्वराची उंची बदलली की जात, हे मुलांनाच ठरवू द्या.