‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ : माहितीपट काय दाखवतो आणि काय मोजत नाही

गेल्या काही महिन्यांत पालघर-बोईसर पट्ट्यातल्या तिघा विद्यार्थ्यांनी मला संशोधन प्रस्तावाचे कच्चे मसुदे वाचायला पाठवले. विषय साधारण एकच. आपल्या भागात पदरमोड करून फिल्म बनवणाऱ्या मुलामुलींना गावाचं पाठबळ मिळतं का, आणि मिळत असेल तर कसं? विषय मला मनापासून आवडला. मी एडवणची. आमच्याकडे वाडवळीत, मांगेलीत दहा-पंधरा मिनिटांच्या फिल्म मोबाईलवर करणारी पोरं आहेत. त्यांचा पडदा म्हणजे प्रत्येकाच्या हातातला फोन. थेटरात सिनेमा बघायचा तर सफाळ्याला जाऊन गाडी पकडावी लागते.

पण तिन्ही मसुद्यांत पहिल्याच पानावर ‘यशस्वी उदाहरण’ म्हणून मालेगाव होतं, आणि मालेगावची सगळी माहिती एकाच झऱ्यातून आलेली होती: फैजा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. म्हणून आज तोच नीट बघू. चित्रपट आवडणं वेगळं आणि तो पुरावा म्हणून वापरणं वेगळं. तुम्ही मानसशास्त्रात असा की माझ्यासारख्या मत्स्यविज्ञानात, हा फरक प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच लागतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं शहर. शुक्रवारी माग बंद, कामगार सिनेमाला. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. सुमारे ५० हजार रुपयांत, असं सांगतात. तो गावात तुफान चालला. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला आणि फैजा खान यांनी त्या चित्रीकरणाचं चित्रीकरण केलं. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावरचा कामगार, अंगानं काडी. त्याला उडवायचं कसं, हाच तासाभराच्या माहितीपटाचा मुख्य पेच.

हा पेच ज्या पद्धतीनं दाखवलाय त्याला तोड नाही. क्रेन नाही म्हणून बैलगाडीचा उपयोग, ट्रॉली नाही म्हणून सायकल, हिरव्या कापडासमोर आडवा धरलेला सुपरमॅन. या सगळ्याला आपण पटकन ‘जुगाड’ म्हणून मोकळे होतो. माहितीपट तसं करत नाही. तो प्रत्येक युक्तीच्या आधी तिची गरज दाखवतो: इथे कॅमेरा वर जायला हवा, का जायला हवा, आणि वर नेणारं काय काय हाताशी आहे. प्रयोगशाळेत उपकरण बंद पडल्यावर ज्यांनी दुसऱ्याच वस्तूंतून मांडणी उभी केली असेल त्यांना ही विचाराची साखळी ओळखीची वाटेल. कॅमेरा पाण्यात पडतो तो प्रसंग तर मी दर वेळी श्वास रोखून बघते. एकच कॅमेरा असणं म्हणजे काय, हे त्या दोन-तीन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याही अहवालात कळणार नाही.

आता अडचण. आमच्या अभ्यासात एक गोष्ट पहिल्या वर्षी डोक्यात ठोकली जाते. डोल जाळ्यात काय सापडलं यावरून समुद्रात काय आहे हे थेट सांगता येत नाही. जाळ्याचा आस केवढा, म्हणजे भोकं केवढी, जाळं कुठल्या भरतीला लावलं, यावर काय अडकणार आणि काय निसटणार हे ठरतं. लहान आसाच्या जाळ्यात जवळा येईल, मोठ्या आसाच्या जाळ्यातून तो निघून जाईल. मोठ्या आसाचं जाळं बघून ‘या खाडीत जवळा नाही’ असं कुणी लिहिलं तर परीक्षक पान तिथेच मिटतील. माहितीपट हेही एक जाळं आहे. या जाळ्याचा आस ‘चित्रपट कसा बनतो’ या प्रश्नाच्या मापाचा आहे. त्यात जिद्द सापडते, मैत्री सापडते, विनोद सापडतो. हिशोब निसटतो.

म्हणजे बघा, ‘मालेगाव के शोले’ कुठे लागला? व्हिडिओ पार्लरमध्ये. तिकीट किती? दिवसाला खेळ किती? पार्लरवाल्यानं किती ठेवले, नासिर शेख यांच्या हातात किती आले, आणि त्यातले किती पुढच्या चित्रपटात गेले? स्थानिक दुकानदार जाहिरातीपोटी पैसे देतात हा उल्लेख येतो आणि प्रेक्षक हसतो तेवढ्यात तो सरतोही. माझ्या मते तुमच्या विषयाचं उत्तर नेमकं तिथे होतं. मालेगावच्या चित्रपटांना गावाचं पाठबळ मिळालं ते कौतुकाच्या रूपात नव्हे. चालत जाता येईल अशा अंतरावर एक अंधारी खोली होती, तिथे दर आठवड्याला येणारं गिऱ्हाईक होतं, आणि त्या गिऱ्हाइकाला गब्बर आपल्या बोलीत ऐकायचा होता. माहितीपटात ही खोली नेपथ्यासारखी येते. खरं तर ती त्या उद्योगाचा कणा होती.

यातली गंमत अशी की खुद्द हा माहितीपटही स्वतंत्र चित्रपटच आहे, आणि त्याची अवस्था बरोबर उलटी होती. त्यामागे सिंगापूर, जपान, कोरियातल्या दूरचित्रवाणी संस्थांचा पैसा होता. तो महोत्सवांत फिरला, नावाजला गेला. भारतातल्या चित्रपटगृहांत लागला जून २०१२ मध्ये, चार वर्षांनी, तोही मल्टिप्लेक्सच्या निवडक पडद्यांवर. एकाकडे पडदा होता, पैसा नव्हता. दुसऱ्याकडे थोडाफार पैसा होता, पडदा नव्हता. ‘पाठबळ’ हा एकच शब्द तुम्ही दोन्हीसाठी वापरलात तर प्रस्ताव तिथेच घसरतो. पाठबळ मोजायचं म्हणजे नक्की काय मोजायचं, ही व्याख्या आधी करा. मिळालेले रुपये? फुकट मिळालेलं मनुष्यबळ? दाखवायची जागा? एका मसुद्यात यूट्यूबवरच्या लाईक मोजायचं ठरलं होतं. आखाती देशात कामाला गेलेल्या भावानं ठोकलेली लाईक आणि देवळाच्या पटांगणात दोन तास बसलेली आजी यांना एकाच रकान्यात कसं टाकणार?

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. नायिका बाहेरगावाहून आणावी लागते, हे माहितीपटात दिसतं. गावातल्या बायका पडद्यावर येत नाहीत. पार्लरमधली गर्दीही पुरुषांचीच. माहितीपट हे दाखवतो, त्याला मान द्यायला हवा, पण त्यावर थांबत नाही. एक मजेशीर अडचण म्हणून पुढे जातो. मग आपण ‘समाजानं चित्रपटकारांना उचलून धरलं’ असं लिहितो तेव्हा तो समाज कोणता? अर्धाच. ज्या बाईला फिल्म करायची होती ती या जाळ्यात अडकलेलीच नाही, म्हणून ती नव्हतीच असं होत नाही. किनाऱ्यावर अभ्यास करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. मासळीबाजारात सगळा व्यवहार बायकांच्या हातात असतो आणि मोबाईल स्टँडवर लावून ‘अ‍ॅक्शन’ म्हणणारा बहुतेक वेळा मुलगा असतो. हे का, हा प्रश्न मला तिन्ही मसुद्यांत दिसला नाही.

आणखी एक मोह टाळा. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर बाहेरच्या लोकांच्या डोक्यात मालेगाव म्हणजे तणाव, पोलीस, बातम्या. अशा प्रेक्षकाला हसणारं, सुपरमॅन उडवणारं मालेगाव पाहून बरं वाटतं. मलाही वाटलं. पण बरं वाटणं हा निष्कर्ष नव्हे. आपल्या जिल्ह्याचं काय वेगळं आहे? वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, त्याच्या आगेमागे मच्छीमारांच्या विरोधाच्या बातम्यांसाठी बाहेरचे कॅमेरे किनाऱ्यावर येऊन गेले. त्यांना मोर्चा हवा होता. इथली पोरं जी फिल्म करतात त्यात मोर्चा असेल किंवा नसेलही; लग्नातल्या भांडणाची फिल्म असेल. ती कमी महत्त्वाची असं बाहेरून ठरवू नका.

मालेगाववर दुसरा चित्रपटही आला, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. टोरोंटोच्या महोत्सवात २०२४ ला दाखवला गेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे लागला. लेखन वरुण ग्रोवर यांचं. हा कथापट, त्यात घटना जुळवलेल्या, मोठ्या निर्मात्यांचा पैसा, मित्रप्रेमाचे कढ जरा जास्तच. पुरावा म्हणून उद्धृत करायला निरुपयोगी. तरी माझं मत असं की तुमच्या विषयापुरता हा काल्पनिक चित्रपट माहितीपटापेक्षा धीट प्रश्न विचारतो. यश मिळाल्यावर श्रेय कुणाचं, पैसा कुणाचा, जाहिरातदारासाठी कथा किती वाकवायची, यावरून मित्र तुटतात. लेखक मुंबईत जाऊन हात हलवत परत येतो. पाठबळ कुठे संपतं हे तो दाखवतो. कथापटाकडून माहिती घ्यायची नसते, प्रश्न घ्यायला हरकत नाही.

गावानं चित्रपट उभा केल्याचं दुसरं उदाहरण म्हणून ‘मंथन’ (१९७६) हमखास सांगितलं जातं. श्याम बेनेगल यांचा चित्रपट, पटकथेत विजय तेंडुलकर, आणि गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दिलेले प्रत्येकी दोन रुपये. आकडा एवढा सुंदर आहे की सगळे तिथेच थांबतात. पण पाच लाख घरांतून दोन-दोन रुपये गोळा करायला गेलात तर गोळा करण्याचा खर्चच जास्त होईल! ते शक्य झालं कारण सहकारी संघ आधीच उभा होता. शेतकऱ्याच्या दुधाचे पैसे रोज त्याच्यामार्फत जात होते. चित्रपटानं ती व्यवस्था उसनी घेतली. आणि पैसे देणारा शेतकरी नंतर गाड्या भरभरून ‘आपला’ चित्रपट बघायला गेला, म्हणजे वर्गणी आणि प्रेक्षक एकाच वहीत. केरळमध्ये जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटानं १९८४ पासून वेगळी वाट धरली: गावोगाव चित्रपट दाखवायचे, तिथेच वर्गणी मागायची. त्यातून ‘अम्मा अरियान’ (१९८६) झाला. तिथे उसनी घ्यायला संघ नव्हता, म्हणून आधी पडदा बांधला, मग पैसे मागितले.

या तुलनेनंतर सरकारी मदतीकडे बघा. राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतं. ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख अशी रक्कम ठरली होती. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावेत असंही ठरलं. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण अनुदान मिळतं ते पुऱ्या झालेल्या, सेन्सॉर प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला, परीक्षण झाल्यावर. म्हणजे तिथवर पोहोचण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी जमीन विकली, चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून जमिनीची गोष्ट आपल्याला माहीत झाली. जमीन विकून ज्यांचा चित्रपट डब्यातच राहिला त्यांची मुलाखत कोण घेतं? फक्त वाचलेल्या होड्या मोजून वादळाचा अंदाज बांधू नये. तुमच्या नमुन्यात अर्धवट सोडलेल्या फिल्म आल्याच पाहिजेत, आणि त्या शोधायला फोनची मेमरी उघडून बसावं लागेल.

मग एडवण, दातिवरे, केळवे इथे काम करायचं तर काय बघायचं? माझा सल्ला: ‘कलावंताला प्रोत्साहन’ हे शब्द महिनाभर बाजूला ठेवा आणि लोक कुठे जमतात ते आधी लिहून काढा. आशापुरी देवीच्या देवळाचं पटांगण, मच्छीमार सहकारी संस्थेची सभा, शाळेचं गॅदरिंग, लग्नाच्या आदल्या रात्रीचा मांडव. यांतल्या एका जागी, एका संध्याकाळी, भाड्याचा प्रोजेक्टर आणि पांढरी चादर लावून गावातल्याच मुलांच्या फिल्म दाखवायला किती खर्च येतो, कोणाची परवानगी लागते, पेटी फिरवली तर किती जमतात, हे तीन वेळा करून बघा. तीन वेळा, कारण पहिल्या वेळी नवलाई असते. त्यानंतर फिल्म करणाऱ्याला विचारा की पुढची करणार का, आणि कधी.

परवानगीचा मुद्दा हलका धरू नका. फिल्ममध्ये दिसणारी माणसं सख्खे शेजारी आहेत. वाडवळीतली एखादी टर फोनवर चालून जाते. पटांगणात ज्याची टर उडवली तोच पुढच्या रांगेत बसलेला असतो. मालेगावात हा प्रश्न फारसा आला नाही, कारण तिथे टर शोलेची होती. आपल्याकडे कोणाची आहे ते दाखवण्याआधी बघून घ्या, आणि संशोधक म्हणून तुमच्या वहीत कोणाची नावं जाणार हे त्या माणसांना त्यांच्या बोलीत समजावून सांगा.

माहितीपट बघताना वही घेऊन बसा आणि दोन रकाने करा: दिसलेलं आणि मी जोडलेलं. पहिल्यांदा बघाल तेव्हा दुसरा रकाना लांबलचक होईल. तो खोडू नका, प्रस्तावासोबत मला तोही पाठवा.