माग तोच, माणसें किती?

एकाच कारखान्यांत घडलेला माग लँकेशायरांत मांडला काय किंवा मुंबईंत मांडला काय, तासाभरांत त्यावर निघणारें कापड जवळजवळ सारखेंच असतें. पण त्याच्यापाशीं किती माणसें उभीं करावीं लागतात, तें मात्र देशोदेशीं बदलतें. या विसंगतीचा शोध ग्रेगरी क्लार्क यांनीं १९८७ सालीं ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक हिस्टरी’ या नियतकालिकांत लिहिलेल्या ‘सारें जग विकसित कां नाहीं?’ या अर्थाच्या शीर्षकाच्या निबंधांत घेतला आहे. निबंध जुना झाला, तरी प्रश्न जुना झालेला नाहीं. आणि मुंबईच्या गिरणीकामगाराची अब्रू त्याच्या उत्तरांत गुंतलेली असल्यामुळें मराठी वाचकानें तो तपासून पाहणें अगत्याचें आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू इंग्लंडमधील एक कामगार जितकें काम उरकी, तितक्याला इंग्लंडांत दीड, जर्मनींत २.३, आणि ग्रीस, जपान, हिंदुस्थान वा चीन येथें जवळजवळ सहा माणसें लागत, असा क्लार्क यांचा हिशेब आहे. पुढें ते एकेक संभाव्य कारण घेऊन बाद करतात: यंत्रें, व्यवस्थापन, कामगाराचें शिक्षण, त्याची उपजत कुवत, स्वस्त मजुरीमुळें यंत्राऐवजीं माणसें लावण्याची सोय. अखेरीस ते स्थानिक संस्कृतीवर येऊन थांबतात. हाच फरक इतर धंद्यांतहि असेल, तर देशोदेशींच्या मजुरींतील तफावतीचा मोठा भाग त्यानें उलगडेल, असें त्यांचें म्हणणें आहे.

यंत्र आणलें कीं देश संपन्न होतो, या भाबड्या समजुतीला इतकें सडेतोड उत्तर क्वचित् मिळालें असेल. तेवढें श्रेय निबंधास दिलेंच पाहिजे. परंतु बाद करतां करतां जें उरलें, त्यालाच कारण मानावें, हा न्याय आम्हांस धोक्याचा वाटतो. संस्कृति म्हणजे नेमकें काय व ती मागापाशीं कशी काम करते, हें सिद्ध करण्याचा भार त्यामुळें टळत नाहीं.

क्लार्क यांच्याच यादींतील जपानकडे पाहा. तो तेव्हां हिंदुस्थानच्याच पंक्तीस होता. १९२४ सालीं टोयोडा यांनीं स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला; १९२९ सालीं त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनें विकत घेतले; आणि पुढच्या दशकांत जपानी कापडानें जगाच्या बाजारांत लँकेशायरला मागें टाकलें. एवढ्या अवधींत संस्कृति पालटली, असें कोण म्हणेल? तेथें गिरणींत बहुधा खेड्यांतील मुली थोडीं वर्षें राबून घरीं परतत; एकीनें अधिक यंत्रें सांभाळलीं, तरी घरच्या कोणाची भाकरी जात नसे. मुंबईंत मात्र कोंकणांतून वा घाटावरून आलेल्या विणकराचें उभें आयुष्य गिरणींत जाई, आणि त्याचे भाऊबंदहि तेथेंच बदलीची वाट पाहत उभे असत. १९२८ सालीं कांहीं गिरण्यांत दोनांऐवजीं तीन माग चालविण्याची योजना पुढें आली, तेव्हां इतर गाऱ्हाण्यांबरोबर तीहि सुमारें सहा महिन्यांच्या संपाचें कारण झाली. तिसरा माग पत्करणें म्हणजे शेजारचा सोबती घरीं बसविणें, हें कामगारास ठाऊक होतें. त्याच्या नकारामागें असा रोकडा हिशेब होता. त्याला संस्कृति हें नांव दिल्यानें तो समजत नाहीं, उलट झांकला जातो.

सारांश, निबंधाचे आंकडे घ्यावे, निष्कर्ष जपून घ्यावा. वाढविलेल्या श्रमाचें फळ आपल्या पदरांत पडेल व सोबत्याचा घास जाणार नाहीं, असा भरंवसा त्या विणकरास कोणी दिला होता काय, हा प्रश्न क्लार्क यांनीं आधीं विचारावयास हवा होता.