‘फंक’ : भावस्थिती आणि संगीत

‘फंक’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ कोशात शेजारी आढळतात : खिन्न मनःस्थिती आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेला एक संगीतप्रकार. यावरून हे संगीत खिन्नतेचे असावे, असा तर्क सहज संभवतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मनःस्थितिवाचक ‘फंक’ अठराव्या शतकातील ऑक्सफर्डच्या बोलीत रूढ झाला. तेथे त्याचा अर्थ भीती, गाळण असा होता. उदासीनता हा अर्थ मागाहून आला. संगीतवाचक ‘फंक’चे नाते मात्र उग्र दर्पाशी आहे. रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी ‘फ्लॅश ऑफ द स्पिरिट’ (१९८३) या ग्रंथात कोंगो भाषेतील ‘लु-फुकी’ या शब्दाकडे लक्ष वेधले. त्याचा अर्थ अंगाचा दर्प. परंतु आपले कार्य निष्ठेने तडीस नेणाऱ्याच्या गौरवार्थही तो योजला जातो. ही व्युत्पत्ती केवळ अनुमान मानली, तरी हेटाळणीच्या शब्दाला प्रशंसेचा अर्थ प्राप्त झाला, हे निर्विवाद. होरेस सिल्व्हर यांनी १९५३ मध्ये आपल्या रचनेला ‘ओपस द फंक’ हे नाव दिले, ते याच प्रशंसेच्या अर्थाने.

जेम्स ब्राऊन यांचे ‘कोल्ड स्वेट’ (१९६७) या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात स्वरसंवादांची हालचाल अत्यल्प; ढोल, गिटार आणि सुषिर वाद्ये छोट्या लयखंडांनी एकमेकांत गुंततात. भर पहिल्या मात्रेवर पडतो. आपल्या ख्यालात सम हे विस्तारानंतरचे विश्रांतिस्थान असते. येथे ती दर आवर्तनास पुढे रेटणारा धक्का होय. खिन्नतेत जी गती गोठते, तिचीच येथे पुनःपुन्हा स्थापना होते.

‘थंड घाम’ हे शीर्षकही सूचक आहे. गीताचा विषय प्रेमविव्हलता. तथापि थंड घाम हे भयाचेही लक्षण आहे. मराठीतही भयाने घाम फुटतो आणि कष्टाने घाम गाळला जातो. व्युत्पत्तीने वेगळे असलेले दोन अर्थ असे देहापाशी एकत्र येतात. म्हणून ‘फंक’ संगीत खिन्नतेचे चित्रण करीत नाही. ते तिला श्रमाच्या, नृत्याच्या घामाने उत्तर देते. ज्या समाजाच्या देहाची शतकानुशतके अवहेलना झाली, त्याने त्या देहाच्या दर्पालाच कलेचा निकष ठरवावे, यातच या शब्दाचा खरा अर्थ आहे. कोश तो सुचवील. त्याचा निर्णय मात्र श्रवणानेच करावा लागेल.