विद्यार्थ्यांच्या लेखनाचे सहवाचन : एका पद्धतीची चिकित्सा

पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याला लिहिता येत नाही, ही तक्रार प्राध्यापकांच्या बैठकांत नेहमी ऐकू येते. मात्र तो नेमके काय लिहितो, हे चार शिक्षकांनी एकत्र बसून क्वचितच वाचलेले असते. जोसेफ मॅक्डोनल्ड, नॅन्सी मोर, अॅलन डिक्टर व एलिझाबेथ मॅक्डोनल्ड यांचे ‘द पॉवर ऑफ प्रोटोकॉल्स’ (२००३) हे पुस्तक या उणिवेवर उपाय सुचविते. त्यातील दोन पद्धतींचा विचार सुरतेच्या नवागाम परिसराच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

पहिली पद्धत हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झिरो’मध्ये स्टीव्ह सायडेल यांनी घडविली. शिक्षक विद्यार्थ्याचे लेखन कोणतीही माहिती न देता गटापुढे ठेवतो. सहकारी प्रथम केवळ दिसते ते सांगतात. चांगले-वाईट म्हणण्यास मनाई असते. नंतर प्रश्न व तर्क मांडले जातात आणि शिक्षक शेवटी बोलतो. दुसरी, ‘ट्यूनिंग’ पद्धत थिओडोर सायझर यांनी १९८४ साली उभारलेल्या शाळांच्या संघात पुढे आली. तीत शिक्षक आपला प्रश्न मांडून गप्प बसतो आणि गट प्रथम गुण, मग उणिवा सांगतो.

या पद्धतींचे बलस्थान निर्णय लांबणीवर टाकण्यात आहे. आपल्याकडे विद्यापीठीय मूल्यमापनात मॉडरेटरही उत्तरपत्रिका पाहतो; पण तेथे प्रश्न गुणांचा असतो, विद्यार्थ्याच्या विचाराचा नसतो. गुण दिले की वाचन संपते, येथे मात्र वाचन तेथूनच सुरू होते.

तथापि, पुस्तकातील सूचना जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. नवागाम-डिंडोली परिसरात खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालविते. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात गुजराती किंवा इंग्रजी असा प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याची चूक एका भाषेच्या शिक्षकाला पुरती उलगडत नाही. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात आणि षष्ठीला ‘ना-नी’ लावतात. गुजरातीत ‘छे’ आणि ‘नो-नी-नुं’ आहे. विद्यार्थ्याने ‘रामनी बहीण’ लिहिले, तर मराठीचा शिक्षक त्याला गुजरातीची भेसळ समजेल. ते घरच्या बोलीचे नियमबद्ध रूपही असू शकते. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत लिपीचाही प्रश्न येतो. म्हणून वाचनगटात निरनिराळ्या भाषांचे शिक्षक असणे ही येथे सोय नव्हे, पूर्वअट होय.

दुसरी अडचण व्यवस्थेची आहे. समूह साधन केंद्रांचा भर प्राथमिक शाळांवर आहे. बारावीचा शिक्षक व प्रथम वर्षाचा प्राध्यापक एका मेजावर बसतील असे नियमित व्यासपीठ सहसा नसते. गटात प्राचार्य वा विभागप्रमुख असतील, तर कनिष्ठ शिक्षक आपल्या वर्गाचे दुबळे लेखन पुढे ठेवण्यास कचरेल. अशा वेळी नियम कागदावर राहतात आणि सहवाचनाची तपासणी होते.

प्रश्न किती मूलभूत आहे हे ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीवरून कळते. १४ ते १८ वयोगटातील सुमारे एकचतुर्थांश युवकांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही. ही पाहणी ग्रामीण भागातील होती. तिचे आकडे सुरतेला लावता येणार नाहीत. पण प्रवेश मिळणे आणि तयारी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यातून निश्चित होते.

तेव्हा आरंभ लहान असावा. महिन्यातून एकदा, एक तास, नाव झाकलेल्या तीन उत्तरपत्रिका. गटात एक शिक्षक उच्च माध्यमिक शाळेचा, एक महाविद्यालयाचा आणि एक दुसऱ्या भाषेचा. गुणांची चर्चा नको. प्रत्येक बैठकीअखेर पुढील महिन्यात अध्यापनात करावयाचा एकच बदल लिहून ठेवावा आणि पुढच्या बैठकीत त्याच विद्यार्थ्यांचे नवे लेखन त्याच्याशी ताडून पाहावे. हा दुवा नसेल, तर सहवाचन केवळ सुसंस्कृत गप्पा ठरेल. पुस्तकाने चर्चेची शिस्त दिली आहे; अध्यापन बदलण्याची जबाबदारी मात्र वाचणाऱ्या शिक्षकावरच राहते. विद्यार्थी महाविद्यालयासाठी तयार आहे का, या प्रश्नाबरोबरच महाविद्यालय त्या विद्यार्थ्यासाठी तयार आहे का, हेही त्या तीन उत्तरपत्रिका विचारीत असतात.