डीएनए डावं-उजवं सांगत नाही

सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपण आधी आकडा शोधतो. प्रोस्टेट बायोप्सीच्या नमुन्यांची अदलाबदल हा विषय घेतलात, तर ०.४ टक्के हा आकडा भेटेल. मार्बर्गर आणि सहकाऱ्यांचा २०११ चा, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’तला पेपर. पेपर चांगला आहे. आपण तो वापरतो तिथे गडबड होते.

ड्युटास्टेराइड या औषधाच्या ‘रिड्यूस’ चाचणीत आठ हजारांवर पुरुष होते. दुसऱ्या आणि चौथ्या वर्षी त्यांची बायोप्सी ठरलेली. सुरुवातीच्या दोन वर्षांत नमुने चुकल्याचे तीन प्रकार उघड झाले, म्हणून ठरलेल्या सगळ्या बायोप्सींचा डीएनए तपासला. दुसऱ्या वर्षीचे २७ नमुने भलत्याच माणसाचे निघाले, तेच हे ०.४ टक्के. मग कामाची पद्धत सुधारली आणि चौथ्या वर्षी एकच निघाला, ०.०२ टक्के. स्वतःच्या चुका मोजून छापल्या, याला दाद द्यायलाच हवी. (ही घट मात्र नेमकी कशामुळे? तुलनेला वेगळा गट नव्हता. आणि डीएनए तपासला जाणार म्हटल्यावर कुणीही लेबल दोनदा वाचणारच की!)

पण डीएनए फक्त एवढंच सांगतो, की हा तुकडा याच माणसाचा आहे का. प्रोस्टेटमधून एका वेळी १०-१२ सुतासारखे तुकडे काढतात: डावे, उजवे, मूत्राशयाकडचे, मधले, टोकाकडचे. डावा तुकडा उजव्याच्या डबीत पडला तरी डीएनए बिनचूक जुळणार. अहवाल मात्र चुकीची बाजू दाखवणार. शस्त्रक्रियेत कोणत्या बाजूचे मज्जातंतू वाचवायचे, एमआरआयमधल्या गाठीशी अहवाल जुळतो का, हे ठरवताना बाजू लागतेच. म्हणजे ०.४ हा ‘लेबलिंगच्या चुकांचा दर’ नव्हे. एकाच जातीच्या चुकीचा दर आहे, तोही काटेकोर नियमांनी चाललेल्या चाचणीतला.

तो उचलून आपल्याकडे लावायचा कसा? संभाजीनगरला घाटीत आणि शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. एकाच दिवशी एकाच नावाचे दोघं येणं यात नवल ते काय! फॉर्मॅलिनची डबी, ग्रॉसिंगच्या टेबलावरची कॅसेट, पॅराफिनचा ब्लॉक, मायक्रोटोमवरून उतरलेली स्लाइड... या वाटेवर ओळख पुन्हा पुन्हा लिहिली किंवा ताडून पाहिली जाते. पुढे कुणी ब्लॉक पिशवीत घालून दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटाला जातो, ती आणखी एक पायरी. एका प्रयोगशाळेत (नाव नको) मी लेबलं झाकणांवर चिकटवलेली पाहिली. दोन झाकणं एकदम उघडली की संपलं. कॅसेटवर पेन्सिलने का लिहितात, तर साध्या पेनची शाई अल्कोहोल-झायलीनमध्ये धुऊन जाते.

आणि आपले प्रबंध? ‘नमुन्यांवर नेहमीच्या पद्धतीने प्रक्रिया केली.’ झालं! डब्या किती, एका डबीत तुकडे किती, ब्लॉकमध्ये त्यातले किती पोचले, लेबल कुणी आणि कधी लावलं, यातलं काहीच नाही. हे लिहायला डीएनए किट लागत नाही, एक वही पुरते.

व्हायव्हाला कुणी विचारलं, ‘डावं-उजवं चुकलं तर कळणार कसं?’, तर शाईचा पर्याय सांगता येईल: डाव्या तुकड्यांना एक रंग, उजव्यांना दुसरा. हा रंग थेट स्लाइडवरही दिसतो. पण तो सुईतून तुकडा निघाल्या निघाल्या, डबीत टाकण्याआधीच लावायला हवा. प्रयोगशाळेत आल्यावर लावलेली शाई डबीवर जे लिहिलंय तेच पुढे नेते.